मंडळीची सेवा आणि तासिकेचं मानधन : सातारा-सांगलीच्या पास्टरेट कमिट्यांना खुलं पत्र

प्रति,
सन्माननीय पाळक, पास्टरेट कमिटीचे (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीचे) सभासद आणि मंडळीतील वडीलधारी मंडळी,
सातारा, वाई, कराड, सांगली, मिरज

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, हल्ली एक वाक्य वारंवार कानावर येतं : "आता पूर्वीसारखे प्राध्यापक राहिले नाहीत." कुणा निवृत्त सरांच्या दफनविधीची उपासना असते, कुणा बाईंच्या पंच्याहत्तरीची उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानण्याची उपासना असते. एकेक जण उठतो. सरांनी कॉलेजात किती पिढ्या घडवल्या, संडे स्कूल कसं चालवलं, मंडळीचा हिशेब कसा पैशापैशाचा ठेवला, हे मनापासून सांगतो. आणि शेवटी ते वाक्य येतंच. त्या वेळी मागच्या बाजूला खुर्च्या मांडणारा, माइक लावणारा, पेटीवर बसलेला जो तिशीतला मुलगा असतो, तो पुष्कळदा स्वतःच प्राध्यापक असतो. सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा पास झालेला, पीएच.डी. झालेला, आणि सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, जितके तास घेतले तितकेच पैसे. तो खाली मान घालून ऐकून घेतो. हे पत्र त्याच्याबद्दल आहे.

मी साताऱ्यातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. माहेर आणि सासर दोन्हीकडची माणसं मिशनच्या आवारात वाढलेली. ज्या पिढीचा आपण गौरव करतो तिच्याकडे मी शिकले आणि पुढे तिच्या शेजारी बसून कामही केलं. त्या पिढीचा मोठेपणा मला मान्य आहे, आणि तो सांगायला मी कुठेही उभी राहीन. पण तो मोठेपणा कशाच्या आधारावर उभा होता, हेही आता कुणीतरी बोललं पाहिजे.

आमच्या मंडळीत गणिताचे एक सर होते. नाव लिहीत नाही, जुन्यांना कळेल. शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की सर सायकलवरून चर्चच्या मागच्या खोलीत येत. रविवारच्या उपासनेचे गीत क्रमांक लिहायचा जो लाकडी फळा, तोच शनिवारी भिंतीला टेकवून त्यावर कॅल्क्युलस चाले. मुलं बारावीची आणि एफ. वाय.ची. आपली थोडी, बाकी मंगळवार पेठेतली, सदर बझारची, गोडोलीची. हिंदू, बौद्ध, मुसलमान सगळी. सरांचा एकच कडक नियम होता. उत्तर बरोबर आलं पण मधली पायरी गाळली, तर ते उत्तर पुसून टाकत, गाळलेल्या ओळीइतकी जागा मोकळी ठेवत आणि खडू त्या मुलाच्या हातात देत. मग स्वतः खिडकीपाशी जाऊन अजिंक्यताऱ्याकडे बघत उभे राहत. पाच मिनिटं लागोत नाहीतर पंधरा, सर वळून बघत नसत. इतर मुलांना कुजबुजायला बंदी. ती एक ओळ त्या मुलानेच शोधून लिहायची. लिहिली की सर वळत, नुसतं "हं" म्हणत आणि पुढचं उदाहरण घालत. त्या "हं"साठी मुलं घाम गाळायची. वर्ग संपला की ओल्या फडक्याने फळा पुसून, सुकू देऊन, त्यावर दुसऱ्या दिवशीचे गीत क्रमांक स्वतःच्या अक्षरात लिहून मगच ते घरी जात. फी कधी घेतली नाही. बाहेरच्या एकाही मुलाला "प्रार्थनेला थांब" असं म्हटलेलं मी ऐकलं नाही.

हेच सर राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी होते. ही योजना १९६९ मध्ये सुरू झाली. विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास काम करायचं, आणि सुट्टीत सात दिवस एखाद्या गावी शिबिराला जायचं. सर शिबिर माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातच न्यायचे. आणि गुड फ्रायडेला, जेव्हा वधस्तंभावरचे सात उद्गार मंडळीतले सात जण वाटून घेतात, तेव्हा सर दरवर्षी पाचवा मागून घेत : "मला तहान लागली आहे." वाट्याला आलेल्या त्या दहा मिनिटांत ते माणमधल्या टँकरबद्दल, हंडा डोक्यावर घेऊन चालणाऱ्या पोरींबद्दल आणि आपण सातारकर कासच्या तलावाचं पाणी कसं वापरतो त्याबद्दल बोलत. कॉलेज, गाव आणि चर्च अशा तीन वेगळ्या जागा त्यांच्या लेखी नव्हत्याच. असं आयुष्य मी जवळून पाहिलं, याबद्दल मी देवाचे उपकार मानते.

आता प्रश्न असा की त्यांना हे जमलं कसं? श्रद्धा होती, स्वभाव होता, यात वाद नाही. पण त्याबरोबर त्यांना कायमची नोकरी होती. सत्तरच्या दशकात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) वेतनश्रेण्या आल्या आणि कॉलेजातला मास्तर प्रथमच बऱ्यापैकी पगार घेऊ लागला. पगाराची तारीख ठरलेली, वेळापत्रक ठरलेलं, दुपारनंतरचा वेळ आपला. शाहूपुरीत कर्ज काढून बांधलेलं घर, आजारपणाची रजा, पुढे पेन्शन. शिवाय घरात पत्नी होत्या, ज्यांनी शनिवारी-रविवारी नवरा घरी नसतो याचा कधी बोभाटा केला नाही. (त्यांच्या नावाने आपण एकही उपकारस्तुती ठेवली नाही, हेही जाता जाता नोंदवते.) सरांचा शनिवार मोकळा होता, कारण त्यांच्या महिन्याच्या खर्चाची सोय लागलेली होती.

काही वडीलधारे म्हणतील, त्याही आधीच्या लोकांनी पगाराशिवाय कामं केलीच ना? केली, आणि आपल्याच भागात केली. पण ती नीट आठवूया.

डेक्कन एज्युकेशन सोसायटीत गोपाळ कृष्ण गोखल्यांनी महिना ७५ रुपयांवर वीस वर्षं शिकवण्याचं व्रत घेतलं आणि पाळलं. त्याच सोसायटीने १९१९ मध्ये सांगलीत विलिंग्डन कॉलेज काढलं. ७५ रुपये कमीच होते. पण त्या संस्थेचा कारभार गोखल्यांसारखे आजीव सभासदच चालवत. पुढच्या वर्षी आपल्याला ठेवतील का, ही धाकधूक त्यांना नव्हती. त्याच १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराड तालुक्यात काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे १९२४ मध्ये साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांचं बोर्डिंग आलं. तिथल्या मुलांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, मुलांनी कमवायचं आणि शिकायचं म्हणून. त्या कामात लोकांनी आयुष्यं घातली, पण संस्थेनेही त्यांना आजीव सेवक म्हणून आपलं म्हटलं.

आणि आपले रेव्हरंड टिळक. नारायण वामन टिळकांनी अहमदनगरला मिशनच्या शाळेत भावी पाळकांना शिकवलं. १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून ते साताऱ्याला आले आणि इथे त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय उभा केला. त्यांची भजनं आपण आजही दर रविवारी म्हणतो. त्या निर्णयाची झळ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांनी सोसली. टिळक ९ मे १९१९ ला गेले, आणि बरोबर चाळीस वर्षांनी, ९ मे १९५९ ला कर्मवीर गेले. साताऱ्याच्या या दोन घरांतल्या दोघीही लक्ष्मीबाई, हा योगायोग मला नेहमी अस्वस्थ करतो.

टिळकांनी पगार सोडला, तो स्वतः ठरवून सोडला. तो त्यांना मिळत होता, चालू राहिला असता. आपली आजची मुलं ज्यावर पाणी सोडतायत ते त्यांना कधी मिळालेलंच नाही, आणि सोडायचं की नाही हे त्यांना कुणी विचारलेलंही नाही. त्या दोन गोष्टींना आपण एकच 'त्याग' म्हणू लागलो, ते मला पटत नाही.

माझ्या हाताखाली शिकलेल्या, आपल्याच एका मंडळीतल्या मुलीचं सांगते. तिची परवानगी घेतली आहे, फक्त ओळख नको म्हणाली. एम.एस्सी., सेट, पीएच.डी. सकाळी एका कॉलेजात, दुपारी एसटीने तालुक्याच्या दुसऱ्या कॉलेजात. दरवर्षी नव्याने जाहिरात, नव्याने मुलाखत. नेमणूक सत्र सुरू झाल्यावर होते आणि सत्राबरोबर संपते. तिच्या पर्समध्ये एक लांबट वही असते. त्यात तारीख, वर्ग, तासिका क्रमांक, शिकवलेला घटक आणि शेवटच्या रकान्यात विभागप्रमुखांची सही. सही नाही तर तास झालाच नाही. त्या वहीवरून महिन्याचं बिल बनतं, बिल पुढे जातं, आणि पैसे हातात पडायला कधी कधी पाच-सहा महिने जातात. गणपतीची सुट्टी आली की तासिका गेली. परीक्षा लागल्या की तासिका गेल्या. दिवाळी आणि मे महिना पूर्ण कोरडा. मी तिची वही चाळत होते, तर डिसेंबरच्या पानावर २४ तारखेनंतर नुसती पांढरी जागा होती. त्याच रात्री आपण तिला कॅरोलला घेऊन गेलो होतो, बारा वाजेपर्यंत.

त्याच मुलीकडे मंडळीत काय काय आहे? संडे स्कूल आहे. तरुण संघाची सेक्रेटरी तीच. मे महिन्यात व्हीबीएस (मुलांची सुट्टीतली बायबल शाळा) तीच घेते, म्हणजे ज्या महिन्यात तिला एक रुपया मिळत नाही त्याच महिन्यात पूर्ण दहा दिवस सकाळ-दुपार. पाळकसाहेबांची पत्रं टाइप करून देणं, उपासनेच्या स्लाइड बनवणं, महिला मंडळाचा अहवाल लिहिणं, सगळं तिच्याकडे. शिवाय कॉलेजात नॅकची, म्हणजे कॉलेजचा दर्जा तपासणारी समिती यायची असली की फायलींसाठी रात्री आठपर्यंत बसते, त्याला तासिका नसते. दशांशाच्या (उत्पन्नातला दहावा भाग चर्चला देण्याच्या) यादीत तिच्या नावापुढे रक्कम लागते. आणि लग्नाची बोलणी आली की पहिला प्रश्न येतो, "परमनंट आहे का?" विचारणारे आपलेच असतात.

मी तिला म्हटलं, थोडी कामं सोड. ती म्हणाली, "मॅडम, कॉलेजमध्ये नाही म्हणता येत नाही, पुढच्या वर्षी घेणार नाहीत. चर्चमध्ये नाही म्हटलं तर म्हणतील, विश्वास कमी झाला." या दुसऱ्या वाक्याने मला हे पत्र लिहायला बसवलं. कॉलेजचं मी आता काही करू शकत नाही. पण मंडळी आपली आहे.

सांगली-मिरजेच्या भावाबहिणींनी ऑगस्ट २०१९ आठवावा. कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलापाशी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. कॉलेजं बंद पडली. कायम प्राध्यापकांचा पगार चालू होता, तो असायलाच हवा. पण ज्यांचे तास बुडाले तीच तरुण मुलं, मी शिकवलेल्यांपैकी काही त्यात होती, लोकांच्या घरातला गाळ उपसत होती आणि धान्याची पाकिटं बांधत होती. त्यांनी हिशेब मांडला नाही. म्हणून आपण तो मांडूच नये असं होत नाही.

मिरजेत हे सांगायची तर गरजच नसावी. डॉ. विल्यम वॉन्लेस तिथे आले, १८९४ मध्ये हॉस्पिटल उभं राहिलं, आणि १८९७ मध्ये त्यांनी वैद्यकीय शिक्षणाची शाळा सुरू केली. नुसते रोगी बरे करून भागणार नाही, शिकवलेली माणसं तयार झाली पाहिजेत, हे त्यांनी ओळखलं. माणसं तयार करायची तर ती तयार होईपर्यंत आणि झाल्यावरही त्यांना पोसावं लागतं. आज मिरजेतल्या कितीतरी घरांत त्या शिक्षणाची भाकर खाल्लेली माणसं आहेत.

आता शास्त्राचंच बघूया, कारण कमिटीत हा विषय निघाला की कुणीतरी "सेवा ही सेवा असते" म्हणणार. प्रेषित पौल करिंथमध्ये राहुट्या शिवून पोट भरत होता आणि सुवार्ता फुकट सांगत होता, हे आपण नेहमी सांगतो. पण करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा ९वा अध्याय पूर्ण वाचा. पौल तिथे आधी ओळीमागून ओळ खर्च करून सांगतो की काम करणाऱ्याला त्याचा वाटा मिळालाच पाहिजे. मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नका ही नियमशास्त्रातली आज्ञा तो त्यासाठीच काढतो. आपला हक्क सोडल्याचं तो त्यानंतर बोलतो, आणि तेही फक्त स्वतःपुरतं. दुसऱ्याने सोडावा असं तो कुठेच म्हणत नाही. आणि याकोबाच्या पत्रातली अडकवून ठेवलेली मजुरी तर थेट देवाच्या कानापर्यंत जाते. तो उतारा आपल्याकडे उपदेशाला फारसा घेतला जात नाही. एकदा घ्यावा, अशी पाळकसाहेबांना विनंती आहे.

मी काय मागते आहे ते साधं आहे. मंडळीच्या अंदाजपत्रकात 'अभ्यासवर्ग' या नावाने एक खातं उघडा. शनिवारचा तो वर्ग सर गेल्यापासून बंद आहे. तो पुन्हा सुरू करा, सगळ्या मुलांसाठी, आणि जो शिकवेल त्याला दर महिन्याच्या ठरल्या तारखेला मानधन द्या, पावतीवर सही घेऊन, सन्मानाने. पाकिटात घालून हळूच हातात देऊ नका. पैसा कुठून आणायचा? सुगीच्या उपकारस्तुतीला आपण भोपळा, नारळ, कोंबडी लिलावात चौपट-पाचपट किमतीला घेतो आणि आनंदाने घेतो. एका वर्षाच्या त्या लिलावाचे पैसे या खात्यात टाकून बघा. नाताळच्या मांडवाचा आणि साउंड सिस्टीमचा खर्च मी काढत नाही, पण कमिटीने तो स्वतः एकदा डोळ्यांखालून घालावा.

व्हीबीएसचंही तसंच करा. आणि कुणी एखादं काम नको म्हटलं तर त्याच्या विश्वासाचं माप काढू नका. ही गोष्ट वेदीवरून एकदा स्पष्ट सांगितली गेली तर पुष्कळांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल.

दुसरं, आपल्यातले काही जण शिक्षणसंस्थांच्या नियामक मंडळांवर आहेत, काहींची शहरात ओळख आहे, दोन-तीन जण कार्यालयांतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेत. यूजीसीच्या नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचं प्रत्यक्ष शिकवण्याचं काम आठवड्याला १६ तासांचं. कॉलेजांत मुलं आहेत, तास आहेत, काम आहे. पद तेवढं भरलेलं नाही. रिक्त पदं भरावीत आणि तोवर तासिकांचे पैसे महिन्याच्या महिन्याला द्यावेत, असा ठराव प्रत्येक मंडळीने करून सरकारकडे पाठवावा. एका चर्चच्या ठरावाने काय होणार, असं वाटेल. पण सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या मंडळ्यांनी मिळून पाठवला, आणि त्यावर इतर धर्मांच्या शेजाऱ्यांच्याही सह्या घेतल्या, तर तो निदान वाचला जाईल. ही अडचण फक्त आपल्या मुलांची नाही. शेजारच्या विठ्ठल मंदिरात हरिपाठ घेणारा मुलगाही सीएचबीवरच आहे. तो आणि आपला पेटीवाला एकाच एसटीने जातात.

ज्यांची नोकरी पक्की आहे त्या प्राध्यापकांनाही एक सांगायचं आहे. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, कामाचा व्याप वाढला आहे, ऑनलाइन अर्ज आणि गुणांचे तक्ते भरता भरता वर्ष जातं, हे मला माहीत आहे. तरीही तुमच्या विभागातल्या तासिकेवरच्या सहकाऱ्याच्या वहीवर त्याच दिवशी सही करा. महिनाअखेरपर्यंत त्याला तुमच्या केबिनबाहेर उभं करू नका. एवढं तर आपल्या हातात आहे.

वार्षिक सभा जवळ आली आहे. वरच्या दोन्ही ठरावांचा मसुदा मी लिहून ठेवला आहे आणि तो आमच्या पाळकसाहेबांकडे या आठवड्यात देते आहे. इतर मंडळ्यांनी मागितला तर त्यांनाही देईन. पहिले सहा महिने अभ्यासवर्गाच्या मानधनातला निम्मा वाटा मी माझ्या पेन्शनमधून भरेन. निम्मा कमिटीने उचलावा, म्हणजे ते काम मंडळीचं राहील.

सभेच्या आधी या मुलामुलींना एकदा बोलावून घ्या आणि त्यांचं ऐका. बैठक रविवारच्या उपासनेनंतर ठेवू नका, तेव्हा त्यांना संडे स्कूलचं आवरायचं असतं. शनिवारी सकाळी बऱ्याच जणांना तास असतात. वेळ त्यांना विचारूनच ठरवा.

आपली ख्रिस्तातील बहीण,
मंडळीची एक सभासद व निवृत्त प्राध्यापिका,
सातारा